घड्याळ आणि दिनदर्शिका : सूत्रं पाठ करायची की समजून घ्यायची?

शेवटचा_बाक
नमस्कार मंडळी. सरळसेवेच्या परीक्षांची तयारी करतोय. बुद्धिमत्ता चाचणीतले नातेसंबंध, दिशा, अक्षरमाला हे घटक बऱ्यापैकी जमतात. घड्याळ आणि दिनदर्शिका आली की मात्र सूत्रांची यादी संपता संपत नाही. कोनाचं एक, काटे एकमेकांवर येण्याचं दुसरं, आरशाचं तिसरं, पाण्यातल्या प्रतिमेचं चौथं, शिवाय महिन्यांचे सांकेतिक अंक आणि शतकांचे वेगळेच. सगळं पाठ करूनही पुढच्या तीन प्रश्नांत उत्तरतालिका माझ्याशी सहमत नाही.

१) २ ते ४ या वेळेत काटे किती वेळा काटकोन करतात? तासाला दोनदा, म्हणून मी ४ लिहिलं. तालिकेत ३.
२) १८९६ ची दिनदर्शिका पुन्हा कोणत्या वर्षी वापरता येईल? लीप वर्ष म्हणून २८ मिळवले, १९२४ आलं. तालिकेत १९०८.
३) घड्याळात ३ वाजले आहेत, पाण्यात किती वाजलेले दिसतील? सूत्राने ३:३०, तालिकेतही ३:३०. पण कागदावर चित्र काढलं तर ते साडेतीनसारखं दिसतच नाही.

तालिका चुकली आहे की सूत्रं? आणि मुळात ही सूत्रं पाठ करावीत का?

वेगवान
पाठ करा, दुसरा उपाय नाही. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत ९० मिनिटांत १०० प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. तेवढ्यात कोण समजून घेत बसणार? समजून घ्यायचं ते घरी.

निळी_शाई
वाचनखूण साठवली. माझाही दुसरा प्रश्न नेहमी चुकतो.

सातचा_पाढा
पहिल्या प्रश्नात तालिका बरोबर आहे. वेळा लिहूनच काढू. २ नंतर पहिला काटकोन २ वाजून २७ ३/११ मिनिटांनी. दुसरा बरोबर ३ वाजता. तिसरा ३ वाजून ३२ ८/११ मिनिटांनी. झालं, चौथा नाहीच. २ ते ३ मध्ये दोन आणि ३ ते ४ मध्ये दोन असं तुम्ही मोजलंत, तेव्हा ३ चा ठोका दोन्हीकडे धरला गेला. ८ ते १० ला हेच होतं, तिथे ९ वाजता. म्हणून १२ तासांत काटकोन २४ नसून २२, आणि दिवसभरात ४४.

काटे एकमेकांवर येण्याचंही तसंच. ११ ते १ या दोन तासांत ते एकदाच भेटतात, १२ वाजता. त्यामुळे १२ तासांत ११ भेटी. ५ ते ७ मध्ये एकदाच समोरासमोर येतात, ६ वाजता.

हे ११ कुठून आले ते एकदा बघा, पुढचं निम्मं पाठांतर गळून पडेल. मिनिट काटा मिनिटाला ६ अंश चालतो, तास काटा अर्धा अंश. म्हणजे मिनिट काटा दर मिनिटाला साडेपाच अंशांची आघाडी घेतो. साडेपाच म्हणजे ११/२. बाकी सगळं या एका आकड्यावर चालतं. ४ वाजता तास काटा १२० अंश पुढे आहे. ते अंतर तोडायला १२० भागिले ११/२, म्हणजे २४०/११, म्हणजे २१ ९/११ मिनिटं. काटकोन हवा असेल तर १२० ऐवजी ३० तोडा किंवा २१० तोडा. समोरासमोर हवे असतील तर ३०० तोडा. सूत्र एकच, तोडायचं अंतर वेगळं.

वेगवान
शेवटी तेही सूत्रच झालं की.

सातचा_पाढा
झालं ना. पण चारच्या जागी एक झालं.

मोरपंखी
पाढादादांना अनुमोदन. आणखी एक फायदा: "काटे कधी भेटतील", "काटकोन कधी होईल" अशा प्रश्नांत अपूर्णांक आला तर त्याचा छेद ११ च असतो. पर्यायांत कुठे १३ किंवा ७ छेद दिसला तर आकडेमोड न करता तो खोडायचा. चारातले दोन पर्याय कधी कधी इथेच जातात.

चौकोनी_वही
कोनाचा प्रश्न तर मी सूत्राशिवायच सोडवते. ७:२० चा कोन बघा. मिनिट काटा ४ वर. तास काटा ७ आणि ८ च्या मध्ये, एक तृतीयांश वाट चाललेला, कारण २० मिनिटं म्हणजे तासाचा तिसरा हिस्सा. ४ ते ७ तीन घरं, वर एक तृतीयांश. एक घर ३० अंशांचं, म्हणून ९० अधिक १०, म्हणजे १००. तबकडी डोळ्यांसमोर असली की आकडा आपोआप येतो, शिवाय २६० सारखं उत्तर आलं तर चुकलंय हे लगेच कळतं.

वेगवान
७:२० ला ठीक आहे. ७:२३ ला तबकडी बघत बसा आणि सांगा.

चौकोनी_वही
७:२३ ला ७:२० चे १०० घ्यायचे. पुढच्या तीन मिनिटांत मिनिट काटा तास काट्याकडे साडेसोळा अंश सरकतो, ते वजा करायचे. ८३.५. तुमच्या सूत्राने करून बघा, २१० वजा १२६.५.

वेगवान
बरोबर आहे. हे आवडलं.

पाटीपेन्सिल
मी हा घटक मुलांना शिकवते, म्हणून दुसऱ्या प्रश्नाबद्दल जरा सविस्तर लिहिते.

शेवटचा_बाक, २८ वर्षांचा नियम चुकीचा नाही, तो १८९६ ला लागू होत नाही एवढंच. वाटेत १९०० येतं. १९०० ला ४ ने भाग जातो, पण ते शतकवर्ष आहे आणि शतकवर्षाला ४०० ने भाग जावा लागतो. म्हणून १९०० साधं वर्ष, २००० लीप वर्ष, २१०० पुन्हा साधं.

आता नियम बाजूला ठेवून दिवस मोजू. साध्या वर्षात ३६५ दिवस, म्हणजे ५२ आठवडे आणि १ जादा दिवस. लीप वर्षात २ जादा. पुढच्या वर्षाची १ जानेवारी तेवढे वार सरकते. १८९६ चे २, मग १८९७ ते १९०० प्रत्येकी १, असे ४, एकूण ६. १९०१ ते १९०३ चे ३, एकूण ९. १९०४ चे २, एकूण ११. १९०५ ते १९०७ चे ३, एकूण १४. चौदाला ७ ने नि:शेष भाग जातो आणि १९०८ लीप वर्षही आहे. दोन्ही अटी पुऱ्या झाल्या. १८९६ ची सुरुवात बुधवारी झाली होती आणि १९०८ चीही बुधवारी.

दोन्ही अटी असं मुद्दाम म्हटलं. वार जुळला पण एक वर्ष लीप आणि दुसरं साधं, तर फेब्रुवारीपर्यंतच जुळेल आणि मार्चपासून बिघडेल. २००२ आणि २००८ दोन्ही मंगळवारी सुरू झाली, पण २००८ लीप. म्हणून २००२ ची दिनदर्शिका २०१३ ला वापरायची, २००८ ला नाही. ६, ११, ११, २८ ही जी साखळी पाठ करून घेतात ती या दोन अटींतूनच निघते. लीपनंतरचं पहिलं वर्ष असेल तर ६, दुसऱ्या-तिसऱ्याला ११, लीपला २८. मध्ये १९०० किंवा २१०० आलं की साखळी सोडून हाताने मोजायचं.

२९ फेब्रुवारीच्या वाढदिवसाचे प्रश्न इथेच फसवतात. २९ फेब्रुवारी १८९६ ला जन्मलेल्याचा पहिला खरा वाढदिवस १९०४ ला, तब्बल आठ वर्षांनी.

निळी_शाई
बिचाऱ्याने आठ वर्षं केकची वाट पाहिली!

सरळरेषा
पाटीपेन्सिल ताई, शतकाच्या शेवटच्या दिवसाचा प्रश्नही समजावाल का? "शतकाचा शेवटचा दिवस पुढीलपैकी कोणता वार असू शकत नाही" हा. मी मंगळ, गुरु, शनि पाठ केलंय, पण का ते माहीत नाही.

पाटीपेन्सिल
पहिल्या १०० वर्षांत २४ लीप आणि ७६ साधी. जादा दिवस ४८ अधिक ७६, म्हणजे १२४. सातने भागून बाकी ५. म्हणून १०० वर्षांना ५, २०० ना १० म्हणजे ३, ३०० ना १५ म्हणजे १. ४०० ना २० आणि चारशेव्या वर्षाचा एक वाढीव, २१ म्हणजे ०. आपण ० ला रविवार धरतो. तर शतकाचा शेवटचा दिवस शुक्रवार, बुधवार, सोमवार आणि रविवार असाच फिरत राहतो. बाकीचे तीन वार येतच नाहीत.

४०० वर्षांत १,४६,०९७ दिवस होतात आणि त्याला ७ ने पूर्ण भाग जातो, २०,८७१ आठवडे. म्हणून दर ४०० वर्षांनी वारांसकट सगळं जसंच्या तसं परत येतं.

वेगवान
मग तारखेवरून वार काढायला हेच वापरायचं ना? १५ ऑगस्ट १९४७ घ्या. १९४६ वर्षं पूर्ण. १६०० चे ०, ३०० चा १, ४६ वर्षांचे ४६ अधिक ११ लीप, ५७, बाकी १. झाले २. पुढे जानेवारी ३, फेब्रुवारी ०, मार्च ३, एप्रिल २, मे ३, जून २, जुलै ३, ऑगस्टचे १५ म्हणजे १. सतरा, बाकी ३. एकूण ५, शुक्रवार. सरावाने पाऊण मिनिटात होतं.

आठाला_आठ
यापेक्षा छोटी वाट आहे. गणितज्ञ जॉन कॉनवे यांची पद्धत. कोणत्याही एका वर्षात ४ एप्रिल, ६ जून, ८ ऑगस्ट, १० ऑक्टोबर आणि १२ डिसेंबर यांचा वार एकच असतो. तपासून बघा, प्रत्येक जोडीत ६३ दिवसांचं अंतर आहे, नऊ आठवडे. फेब्रुवारीचा शेवटचा दिवसही त्याच वारी. विषम महिन्यांसाठी ९ मे आणि ५ सप्टेंबर, ११ जुलै आणि ७ नोव्हेंबर.

वर्षाचा हा वार काढायला १९०० च्या शतकाचा बुधवार आणि २००० च्या शतकाचा मंगळवार लक्षात ठेवायचा. ४७ मध्ये १२ तीनदा, उरले ११, अकरात ४ दोनदा. ३ + ११ + २ = १६, बाकी २. बुधवारच्या पुढे दोन, शुक्रवार. म्हणजे ८ ऑगस्ट १९४७ शुक्रवार, आणि एक आठवड्याने १५ ऑगस्टही शुक्रवार. महिन्यांची बेरीज करावीच लागली नाही.

वेगवान
हे भारी आहे. २०२६ करून बघितलं. २६ मध्ये १२ दोनदा, उरले २, त्यात ४ शून्य वेळा. एकूण ४, मंगळवारपुढे चार, शनिवार. ४ एप्रिल २०२६ शनिवारच आहे.

पाटीपेन्सिल
पद्धत सुंदर आहे, पण नवशिक्यांना लगेच देऊ नये असं माझं मत. जानेवारीत साध्या वर्षाला ३ तारीख आणि लीप वर्षाला ४ तारीख धरावी लागते, मुलं नेमकी तिथे गोंधळतात. शिवाय बऱ्याच प्रश्नांत एक वार दिलेलाच असतो. "१ जानेवारी २०२४ ला सोमवार, तर ३१ डिसेंबरला कोणता वार?" याला कॉनवे कशाला हवेत? साध्या वर्षाचा पहिला आणि शेवटचा दिवस एकाच वारी, लीप वर्षाचा शेवटचा एक वार पुढे. २०२४ लीप, उत्तर मंगळवार.

आठाला_आठ
ताई, वार दिलेला असेल तर तुमचं म्हणणं मान्य. नुसती तारीख दिली असेल तर माझीच वाट जवळची.

जुनी_वही
थोडं विषयांतर करतो, पण या घटकातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट आहे.

शिवाजी महाराजांची जन्मतारीख १९ फेब्रुवारी १६३०. वर वेगवान यांनी केलं तसं करून बघा. १६०० चे ०, २९ वर्षांचे २९ अधिक ७, छत्तीस, बाकी १. जानेवारी ३, फेब्रुवारीचे १९ म्हणजे ५. एकूण ९, बाकी २, मंगळवार. पण शकावलीत नोंद आहे शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार.

चूक कुणाचीच नाही. १९ फेब्रुवारी ही तारीख ज्युलियन पद्धतीची आहे. त्या पद्धतीत दर चौथं वर्ष लीप, शतकवर्षाला सूट नाही. त्यामुळे वर्ष सरासरी ३६५.२५ दिवसांचं होतं आणि ऋतूंच्या तुलनेत तारखा हळूहळू मागे पडत गेल्या. १५८२ मध्ये पोप ग्रेगरी तेरावे यांनी दुरुस्ती केली, गुरुवार ४ ऑक्टोबरनंतर थेट शुक्रवार १५ ऑक्टोबर. तारखा गळल्या, वार तुटला नाही. इंग्लंडने मात्र हा बदल १७५२ मध्ये स्वीकारला, २ सप्टेंबरनंतर १४ सप्टेंबर.

आपलं परीक्षेतलं गणित ग्रेगोरियन. १६३० मध्ये दोन पद्धतींत १० दिवसांचा फरक होता. ज्युलियन १९ फेब्रुवारी म्हणजे ग्रेगोरियन १ मार्च. दहाला सातने भागून बाकी ३, मंगळवारपुढे तीन, शुक्रवार. शकावलीशी तंतोतंत जुळलं.

सातचा_पाढा
अंगावर काटा आला हे वाचून. तीनशे-चारशे वर्षांपूर्वीची नोंद आपल्या साध्या बाकीच्या हिशोबाने पडताळता येते!

सरळरेषा
मग परीक्षेत १७५२ च्या आधीची तारीख आली तर काय लिहायचं?

जुनी_वही
प्रश्नात पद्धत सांगितली नसेल तर नेहमीच्या नियमानेच सोडवा, पर्याय त्यानुसारच बेतलेले असतात. वरचं ज्ञान इतिहास वाचताना कामी येईल.

कंपासपेटी
धागा कॅलेंडरकडे गेला आणि तिसरा प्रश्न राहूनच गेला. शेवटचा_बाक, तुमचं चित्र बरोबर आहे. हा प्रश्नच सदोष आहे.

आधी आरसा. आरशात डावं उजवं होतं, वरखाली तसंच राहतं. दोन्ही काटे जितके पुढे गेलेत तितके मागे गेलेले दिसतात. त्यामुळे आरशातलं घड्याळ हे उलट चालणारं पण खरं घड्याळ असतं. ११:६० मधून वेळ वजा केली की उत्तर. ४:१० चं ७:५०. चित्रात तास काटा आठच्या किंचित आधी आणि मिनिट काटा दहावर दिसेल, जसा ७:५० ला असायला हवा तसाच.

पाण्यात वरचं खाली होतं. ३ वाजता तास काटा आडवा, तो ३ वरच राहिला. मिनिट काटा १२ वरून ६ वर आला. आता नीट बघा: मिनिट काटा साडेतीन सांगतोय, पण खऱ्या साडेतीनला तास काटा ३ आणि ४ च्या बरोबर मध्ये असतो. इथे तो थेट ३ वर आहे. अशी स्थिती कुठल्याही खऱ्या घड्याळात कधीच येत नाही.

आणि हे फक्त ३ वाजता होत नाही, कोणत्याही वेळी होतं. तास काटा कुठे आहे यावरून मिनिट काटा कुठे हवा हे ठरतं. पाण्यातल्या प्रतिमेत तो हव्या त्या जागेपासून नेहमी अर्धी फेरी दूर असतो. १८:३० मधून वजा करायचं जे सूत्र शिकवतात ते काट्यांचा ढोबळ रोख सांगतं, त्यापलीकडे काही नाही. अंकी घड्याळाचा पाण्यातला प्रश्न वेगळा, तिथे आकड्यांचे आकार उलटे करून बघायचे.

चौकोनी_वही
हे कुणीच सांगितलं नव्हतं. दोन्ही चित्रं काढून पाहिली, आरशाचं जुळतं आणि पाण्याचं जुळत नाही.

वेगवान
पण मग उत्तर काय लिहायचं? गुण तर ३:३० लाच मिळणार.

कंपासपेटी
३:३० लिहा आणि पुढच्या प्रश्नाला जा. पण आपलं चित्र चुकलं असं समजून चित्र काढणं सोडू नका. पाठ केलेलं सूत्र आणि डोळ्यांना दिसणारं यात विरोध आला तर डोळ्यांवर विश्वास ठेवायची सवय बाकी सगळ्या प्रश्नांत वाचवते.

निळी_शाई
पुढे पडणाऱ्या घड्याळाचं कुणी सांगा ना. तासाला ५ मिनिटं पुढे जाणारं घड्याळ सकाळी ८ ला बरोबर लावलं. ते रात्रीचे ९ दाखवतंय तेव्हा खरी वेळ काय?

सातचा_पाढा
घड्याळाने १३ तास दाखवले. इथे १३ × ५ = ६५ मिनिटं वजा करून ७:५५ काढायचा मोह होतो आणि पर्यायांत ७:५५ हटकून असतो. पण ५ मिनिटं पुढे जातं ते खऱ्या तासाला, घड्याळाच्या तासाला नाही. खरी ६० मिनिटं होतात तेव्हा घड्याळ ६५ दाखवतं. १३ तास म्हणजे ७८० मिनिटं, ७८० × ६०/६५ = ७२०. खरे १२ तास झाले, रात्रीचे ८.

मोरपंखी
ठोक्यांचा प्रश्नही या जातीचा. ६ ठोक्यांना ५ सेकंद लागतात तर १२ ना किती? १० नव्हे, ११. ठोके मोजायचे नाहीत, मधली अंतरं मोजायची.

शेवटचा_बाक
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री वहीतली सूत्रांची पानं बाजूला ठेवली आणि दोनच गोष्टी घेऊन बसलो: मिनिटाला साडेपाच अंश, आणि सातने भागून बाकी. जुनी प्रश्नपत्रिका काढली. ४ आणि ५ च्या दरम्यान काटे समोरासमोर कधी, हे ३०० तोडून ५४ ६/११ आलं, तालिकेशी जुळलं. एक मात्र अडला. एका घड्याळाचे काटे खऱ्या वेळेच्या दर ६४ मिनिटांनी एकमेकांवर येतात, तर ते दिवसाला किती चुकतं?

पाटीपेन्सिल
उत्तर देत नाही, दिशा देते. बरोबर चालणाऱ्या घड्याळात दोन भेटींमध्ये किती वेळ जातो ते आधी काढा.

शेवटचा_बाक
३६० भागिले साडेपाच, ६५ ५/११ मिनिटं. म्हणजे खरी ६४ मिनिटं झाली तेव्हा या घड्याळाची तबकडी ६५ ५/११ मिनिटं चालून गेली. फरक १६/११. दिवसाची १४४० मिनिटं, त्यात ६४ साडेबावीस वेळा. १६/११ × २२.५ = ३६०/११. उत्तर ३२ ८/११ मिनिटं.

पाटीपेन्सिल
बरोबर. पुढे की मागे तेही लिहा, पर्यायांत दोन्ही असतात.

शेवटचा_बाक
पुढे. ६४ मिनिटांतच त्याने ६५ हून जास्त दाखवली.